आठ मात्रांची जागा

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी स्टुडिओतल्या सोफ्यावर आडवा झालोय. झोपायला नव्हे हं, नुसती पाठ टेकायला. एसीचं पाणी कुठंतरी बादलीत टपटपतंय. काचेपलीकडं निलोफर, म्हणजे माझी रेकॉर्डिस्ट, कॉम्प्युटरसमोर बसून फॉर्म भरतेय. नऊ गाणी, नऊ ओळी, प्रत्येक ओळीपुढं दोन रकाने: शब्द कुणाचे, चाल कुणाची. पाच वाजता हा फॉर्म गाण्यांसकट कंपनीकडं जायचा आणि मग माझा पहिला एकट्याचा अल्बम बाहेर पडायचा. नुसती गिटार आणि माझा आवाज. बाकी काही नाही.

आठ ओळी तिनं मला न विचारता भरल्या. नवव्या ओळीवर मात्र थांबली आणि माइकमधून म्हणाली, "सर, 'घागर कोरडी'ला दोन्हीकडं तुमचंच नाव ना?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

काय बोलून गेलो मी! विचारून सांगतो म्हणे. ज्याला विचारायचं तो सर्जेराव आवळे चौदा महिन्यांपूर्वी मेला. निलोफरनं मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागली, पण मला तिच्यासमोर बसवेना. म्हणून आडवा झालोय.

तुम्हाला सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचा 'चुलाण' नावाचा बँड होता, कोल्हापुरात. एकोणीस वर्षं चालला. गाणी लिहायची आणि चाली लावायच्या मी, उमाकांत खासनीस, शाळेत भूगोल शिकवून उरलेल्या वेळात. गायला एक, बेसला एक, ते दोघंही आता पुण्यात नोकऱ्या करतात. आणि हलगीवर सर्जा. गिटारच्या मधोमध हलगी कडाडली की मांडवातली माणसं खुर्च्या सोडून उठायची. लोक यायचे ते त्याच्यासाठी, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी ते कधी कुणापुढं कबूल केलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात तालीम करायचो. सर्जा तिथल्या चुलाणात, म्हणजे गुळाच्या भट्टीत, उसाची चिपाडं पेटवायचा आणि धगीवर हलगी शेकायचा. शेकल्याशिवाय हलगीचं चामडं ताणत नाही, आवाज उघडत नाही. बाकीचे दोघं यायच्या आधी, शेकता शेकता तो एक ओळ गुणगुणायचा. "पाटाचं पाणी गं दारावरनं गेलं, घागर माझी कोरडी." मी विचारलं, कुणाचं रे हे? "आईचं," म्हणाला. "तिला पाटात घागर बुडवू देत न्हवती गावातली. कुनीतरी येऊन वरनं वतंल म्हणून बसून ऱ्हायची. तवा म्हनायची." चाल तीच, त्याच्या आईची, त्यानं थोडी चढवलेली. मी तीन कडवी जोडली. सीडी निघाली तेव्हा मागं छापलं होतं, शब्द-संगीत उमाकांत खासनीस. छापायला मीच दिलं होतं. सर्जानं सीडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "फोटू झ्याक आलाय." बास, एवढंच.

त्या गाण्यावर माझं नाव झालं. पुरस्कार मिळाला. मुलाखतीत मी सांगत आलो की ते माझ्या आतल्या कोरडेपणावर आहे, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. आता त्या रकान्यात सर्जाचं नाव घातलं तर इतकी वर्षं मी खोटं बोललो हे आपल्या हातानं लिहून दिल्यासारखं होतं. नाही घातलं तर कुणाला कळणार नाही. त्याची आई कधीच गेली. त्याच्या बायकोलाही हे ठाऊक नाही. ठाऊक असणारी दोनच माणसं होती, त्यातलं एक उरलंय. मला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा म्हणावं, "ऱ्हाऊ द्या मास्तर, तुमचंच नाव घाला." मेलेल्या माणसाकडून परवानगी! आहे का काही अर्थ?

या नव्या अल्बमात हलगी नाही. विचारतील तेव्हा सांगणार आहे की मला सगळा बडेजाव उतरवून ठेवायचा होता. खरं कारण हे की दुसऱ्या कुणाची हलगी मला ऐकवत नाही. आणि गंमत बघा. नवव्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी मी आठ मात्रा गप्प बसतो. गिटार नाही, गळा नाही. बँडमध्ये तिथं सर्जा एकटा वाजवायचा. अकरा वेळा रेकॉर्ड केलं आणि अकराही वेळा माझा हात तिथं आपोआप थांबला, कुणीतरी वाजवेल म्हणून. निलोफर म्हणाली, "सर, इथं काही राहिलंय का?" मी ऐटीत म्हटलं, "ती शांतता आहे, मुद्दाम ठेवलीय." ती म्हणाली, "भारी." मलाच माझी शिसारी आली.

डोळे मिटतात. पाणी टपटपतंय, निलोफरची बोटं की-बोर्डवर चाललीत. हळूहळू दोन्ही आवाज एकात एक मिसळतात आणि टपटप लयीत पडायला लागते. अरे, हा तर आठ मात्रांचा केरवा, मी मनात म्हणतो आणि वैतागतो, कारण एसीच्या पाण्याला काय कळतंय केरव्यातलं. बादली सरकवावी म्हणून उठतो आणि गायच्या खोलीचं जाड दार उघडतो.

आत सर्जा बसलाय.

कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, पाय ठेक्यात हलतोय. अंगात तोच जांभळा शर्ट, कोपराला उसवलेला. भिंतींना फोम आहे, जमिनीवर मात्र चिपाडं पसरलीत आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मला इतका आनंद होतो की बादली विसरतो.

"सर्जा, लेका, कधी आलास?"

"ह्यो काय आत्ताच," तो डोळे न उघडता म्हणतो. "बसा मास्तर. ऐकू द्या जरा."

मी चिपाडांवर बसतो. एकोणीस वर्षं तो मला मास्तर म्हणाला आणि अहोजाहो केलं. मी त्याला सर्जा म्हणालो आणि अरेतुरे केलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता तो. हे मला आत्ता, त्याच्या पायाशी बसल्यावर लक्षात येतंय. लाज वाटते.

हेडफोनमधून माझाच आवाज बारीक झिरपतोय. नववं गाणं चाललंय. पहिलं कडवं संपतं. सर्जाचा पाय थांबतो, तो डोळे उघडतो.

"मास्तर, हितं कोन मेलंय?"

"कुठं?"

"गानं झ्याक चाललंय आन् मदीच समदी गप. कुनी मेल्यावर उबी ऱ्हात्यात तशी."

मी त्याच्याकडं बघतच राहतो. चेष्टा करतोय की काय? तसा चेष्टेखोर होता. पण चेहऱ्यावर काहीच नाही, नुसता प्रश्न. त्याला माहीत नाही. कुणी सांगितलेलंच नाही त्याला.

"कुणी मेलं नाही," मी म्हणतो. "ती तुझी जागा आहे. हलगीची. तुझ्यासाठी ठेवलीय. वाजव की."

"माजी?" त्याचा चेहरा असा फुलतो की मला बघवत नाही. "मग आदी न्हाई का सांगायचं? कुटं हाय हलगी?"

हलगी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आहे. आम्ही तिथंच उभे आहोत. नकाशांचं कपाट उघडं आहे, सर्जा गुंडाळ्या एकेक करून बाजूला काढतोय. आशिया, आफ्रिका, महाराष्ट्राची धरणं. सगळ्यात मागं हलगी. ती मी तिथं का ठेवली होती ते आठवत नाही. तो बोटानं टिचकी मारतो. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज येतो.

"पार उतरलीया," तो म्हणतो. "शेकाय पायजे. जाळ कुटं गावंल?"

"खाली असेल. चल."

शाळेचा जिना उतरतो तर खाली दवाखान्याचा वॉर्ड आहे. दोन्ही बाजूंनी खाटा. मी मान खाली घालून भराभर चालतो, कारण सातवी खाट मला ठाऊक आहे. चादर घडी करून ठेवलेली, वर प्लास्टिकच्या पिशवीत चपला. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सर्जा इथून गेला. त्या अकरा दिवसांत मी एकदाच आलो होतो, पाच मिनिटं, तेही हातात हेल्मेट धरून. त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. माझा हात धरून तो म्हणाला होता, "मास्तर, त्या घागरीच्या गान्याचं..." आणि मी घाईघाईनं म्हटलं होतं, "बोलू नकोस, दमशील. आराम कर." हात सोडवून घेतला आणि निघालो. पुढं तो काय म्हणणार होता? चौदा महिने मी तेच वाक्य पुरं करून बघतोय. कधी त्यात तो मला माफ करतो, कधी आईमाईवरून शिव्या देतो.

"हितं कोन होतं?" चपलांकडं बघत सर्जा विचारतो.

"ओळखीचा होता एक."

"बरा झाला न्हवं?"

"चल पुढं," मी म्हणतो.

वॉर्डच्या टोकाला गुऱ्हाळ आहे. चुलाण पेटलंय. वरची रस आटवायची मोठी काहील उपडी घालून ठेवलीय आणि चिपाडं तडतडतायत. सर्जा नेहमीच्या जागेवर उकिडवा बसतो, पण हलगी माझ्यापुढं करतो.

"तुमी धरा, मास्तर."

"मी? मला कुठं येतंय?"

"मला धग लागत न्हाई," तो म्हणतो. तक्रार नाही, वाईट वाटणं नाही, कुणी सांगावं की चष्मा घरी राहिला, तसं. "किती तापली त्ये कळत न्हाई. मागं एक जळाली की हातात."

म्हणजे त्याला थोडंफार कळलेलं असावं. मी विचारत नाही.

एकोणीस वर्षांत मी एकदाही हलगी शेकली नव्हती. नेहमी लांब खुर्चीवर बसून गिटार जुळवत असायचो, धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून कुरकुरत. आता दोन्ही हातांनी कडं धरून जाळावर हलगी फिरवतो. धग तोंडावर येते. कडं लोखंडी आहे, तापत चाललंय. उजवा अंगठा चटकन भाजतो आणि मी "आई गं" म्हणून ओरडतो.

"झाली मग," सर्जा समाधानानं म्हणतो आणि हलगी काढून घेतो.

डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात जाड टिपरू. तो मान जराशी वाकडी करतो, वाजवायच्या आधी करायचा तशी. माझा जीव गोळा होऊन कानात येतो. टिपरू खाली येतं. चामडं थरथरतं, मला दिसतं. काडी नाचते, मनगट फिरतं, सगळं पूर्वीसारखं.

आवाज येत नाही.

तो पुन्हा वाजवतो. जोरात. कपाळावरची शीर फुगते. चुलाणाची तडतड ऐकू येते, बाकी काही नाही.

"आलं ऐकू?" तो विचारतो.

"नाही."

"मलाबी न्हाई." तो हलगी मांडीवर ठेवतो आणि तिच्याकडं बघत बसतो.

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटतं. पण मी तसा माणूस नाही, स्वप्नातसुद्धा नाही. मी आपला माझ्या कामावर येतो. पाच वाजायचेत, हे मला इथंही आठवतंय, बघा माझा स्वभाव.

"सर्जा, एक विचारू? ते गाणं..."

"कंचं?"

"आत्ता ऐकलंस ते. तुला आठवतं ना?"

"आज पयल्यांदाच ऐकलं की." तो हसतो. "लई ग्वाड हाय."

मला वाटतं तो मला खेळवतोय. मी ओळ म्हणून दाखवतो. पाटाचं पाणी गं दारावरनं गेलं. तो लक्ष देऊन ऐकतो, मग माझ्यामागून म्हणतो. बेसूर. सर्जा, जो झोपेत घोरायचा तोही सुरात, असं आम्ही म्हणायचो, तो त्याच्या आईची ओळ बेसूर म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणतो, अजून बेसूर. आता मला भीती वाटायला लागते. एका माणसाकडं ते गाणं होतं आणि त्याच्याकडून ते पुसून गेलंय. मला माफ करायला किंवा माझ्या तोंडात मारायला कुणी उरलेलंच नाही.

"त्या बाईला पानी का गावंना?" तो विचारतो. "पाट तर दारावरनंच गेलाय म्हनता."

"तसं नाही ते," माझ्या तोंडून येतं. मुलाखतीतला आवाज, तोच, जसाच्या तसा. "ते आतल्या कोरडेपणावर आहे. माणसाच्या एकटेपणावर."

"आसंल," तो म्हणतो, पण त्याला पटलेलं दिसत नाही. "मला वाटलं, कुनी भरू देत नसंल तिला."

चुलाणात एक चिपाड ढासळतं. मी ते आत सारतो.

"कुनाचं म्हनायचं ह्ये गानं?"

घ्या. आता विचारलं त्यानं. इथं कंपनी नाही, फॉर्म नाही, ऐकायला चिटपाखरू नाही. खरं बोललो तर माझं काय जाणार आहे? तुझ्या आईचं रे, एवढंच म्हणायचं. त्याला त्याची आई परत मिळेल. कदाचित हलगीचा आवाजही येईल, कुणी सांगावं. मी तोंड उघडतो.

"माझं," मी म्हणतो.

"वा!" सर्जाला खरंच आनंद होतो. माझ्या पाठीवर थाप मारतो, पण थाप लागल्याचं मला कळत नाही. "मग झालं की! गानं तुमचं, तर त्या जागंत काय वाजवायचं त्ये तुमालाच ठावं. मला कशाला हाक मारता? घ्या. भरा."

तो हलगी माझ्या मांडीवर ठेवतो. टिपरू एका हातात देतो, काडी दुसऱ्या हातात. आणि माझ्यासमोर मांडी घालून, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला लागतो. एक, दोन, तीन, चार. शाळेतलं शहाणं मूल बसतं तसा बसलाय. पाच, सहा, सात, आठ. माझे हात हलत नाहीत. मला येत नाही. मला कधीच येत नव्हतं.

"भरा की मास्तर."

पुन्हा आठ जातात. त्याच्या तोंडावर राग नाही. राग असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो वाट बघतोय, नुसता बसून. तिसऱ्या खेपेला सहाव्या पेरावर त्याचा अंगठा थांबतो आणि तो हात खाली घेतो.

"चला," तो उठून चिपाडं झटकतो. "निगतो मी. तुमी बसा निवांत."

"सर्जा, थांब."

तो चालायला लागतो. गुऱ्हाळाच्या दाराबाहेर ऊन इतकं पांढरं आहे की काही दिसत नाही.

"सर्जेराव! अहो, थांबा! अहो, तुमच्या आईचं आहे ते!"

ओरडतो मी, खरंच ओरडतो, पण हलगीसारखंच माझ्याही तोंडातून काही येत नाही. त्याचा जांभळा शर्ट उन्हात फिकट होतो, मग पांढरा, मग ऊनच उरतं.

"सर... सर, पावणेपाच झाले."

निलोफर सोफ्याशेजारी वाकून उभी आहे. माझं तोंड कोरडं पडलंय, मानेखाली घाम आहे. मी उठून बसतो. सोफ्याला टेकवला तसा उजवा हात ठणकतो. बघतो तर अंगठ्यावर टरारून फोड आलाय, बोराएवढा, पाण्यानं भरलेला. मी तो उजेडाकडं धरून बघतो. कातडीखाली पाणी हलतंय.

"सर, नवव्याचं राहिलंय. विचारलंत का?"

"विचारलं."

"मग काय लिहू?"

तिची बोटं की-बोर्डवर तयार आहेत. सर्जेराव आवळे. म्हणायला किती वेळ लागतो? मी जीभ दातांशी नेतोसुद्धा. मग मला पुढचं सगळं दिसतं. निलोफर वळून बघणार, विचारणार, हे कोण सर? मग मला सांगावं लागणार. आधी तिला, मग कंपनीला, मग सगळ्यांना.

"माझंच," मी म्हणतो. "दोन्हीकडं."

ती टाइप करते, एक बटण दाबते, आणि खुर्चीत मागं रेलून हसते. "गेलं सर! अभिनंदन." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं जातं. "अरे बापरे, केवढा फोड! भाजलं कशानं?"

"चहा सांडला मघाशी."

निलोफर टेबलाकडं बघते, माझ्याकडं बघते.

"सर, चहा अजून आलाच नाहीये."

मी अंगठा मुठीत घालतो आणि मूठ मांडीखाली दाबून बसतो.